वेखंड : दारी असावे, तान्ह्याच्या पोटात नसावे

मळवलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझे बाळ दीड महिन्याचे आहे. सासूबाई रोज आंघोळीनंतर बाळाला गुटी देतात. मागच्या आठवड्यात बाळ फार रडले म्हणून त्यांनी वेखंडाचे दोन वेढे जास्त दिले. तासाभरात बाळाला चार उलट्या झाल्या. मग ते संध्याकाळपर्यंत झोपूनच राहिले, अंगावर घेतले तरी ओढेना. घरची मंडळी म्हणाली, कफ पडला, चांगलेच झाले. मला राहवेना म्हणून दवाखान्यात नेले. आता बाळ बरे आहे. वेखंड आमच्या परसातले आहे, बाजारचे नाही, भेसळ नाही. मग असे का व्हावे? गुटी द्यावी की बंद करावी?"

असा प्रश्न अनेक घरांत मनातल्या मनात विचारला जातो, पण वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे कसे म्हणून तसाच राहतो. म्हणून आजचे सदर वेखंडासाठी देत आहे. वेखंड ही टाकाऊ वनस्पती नव्हे. ती लावावी कशी, वापरावी कोठे आणि थांबावे कोठे, हे तिन्ही समजून घेतले तर ती घराच्या उपयोगाचीच आहे.

ओळख

वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात. 'वच्' म्हणजे बोलणे. वाणी स्वच्छ करणारी म्हणून वचा, अशी जुनी समजूत या नावात आहे. तिचे दुसरे नाव उग्रगंधा. पान चुरगाळून नाकाशी नेले की हे नाव का पडले ते कळते. शास्त्रीय नाव अकोरस कॅलॅमस.

हे झाड दिसायला गवतासारखे असते. पाने तलवारीसारखी लांब, दोन्ही बाजूंनी धार असलेली, आणि मधली शीर जाड. जमिनीखाली अंगठ्याएवढे जाड खोड आडवे पसरते. त्यावर जवळजवळ पेरे असतात, खालून मुळ्या फुटतात. बाहेरून तपकिरी, आतून पांढरट गुलाबी. हेच ते वेखंड. फूल म्हणजे बोटभर लांबीचे हिरवट पिवळे कणीस. बी क्वचितच धरते, म्हणून लागवड नेहमी खोडाच्या तुकड्यांनीच होते.

ओढ्याकाठी उगवणारे पाणकणीसही दुरून असेच दिसते. फसगत टाळण्याची खूण एकच, वास. पाणकणसाच्या पानाला वास नाही. वेखंडाचे पान मोडले की हात धुतल्यावरही वास राहतो. काही दुकानांत 'बाळवेखंड' या नावाने निराळाच पांढरट तुकडा मिळतो. नावात बाळ आहे म्हणून तो बाळाला चालतो, असे कोणी समजू नये.

मावळात लागवड सोपी

वेखंडाला दोनच गोष्टी लागतात, चिखल आणि धीर. मावळात चिखलाला तोटा नाही. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेले इंद्रायणी भात ज्या खाचरांत पिकते, तसेच खाचर वेखंडालाही मानवते.

अडचण पावसाळ्यानंतर येते. दिवाळी सरली की खाचरे सुकू लागतात आणि वेखंडाला तर वर्षभर ओल हवी. म्हणून जागा निवडताना पाझर पाहावा. विहिरीच्या खालच्या अंगाची, ओढ्यालगतची किंवा बांधाखालची जी पट्टी उन्हाळ्यातही ओली राहते, ती उत्तम.

जून-जुलैत भाताची चिखलणी चालते तेव्हाच वेखंडाची लावणी करावी. आधी शेणखत घालून चिखल करावा. जुन्या गड्ड्याचे दोन ते तीन इंच लांबीचे, प्रत्येकाला कोंब असलेले तुकडे करावेत. ते एकमेकांपासून फूटभर अंतरावर, दीड-दोन इंच खोल दाबावेत. या हिशेबाने एका गुंठ्यात हजार ते अकराशे तुकडे बसतात. घरच्यापुरते हवे असेल तर दहा-बारा तुकडे पुष्कळ झाले. सुरुवातीला पाणी बोट-दोन बोटे ठेवावे, रोप धरल्यावर चार बोटांपर्यंत चालते. तण हाताने काढावे. उग्र वासामुळे गुरे सहसा तोंड लावत नाहीत.

शेत नसेल तर अर्धा कापलेला पिंप किंवा फुटके घमेलेही चालते. मात्र येथे दोन सूचना. पहिली, पिंपात उघडे पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. माती चिखलासारखी ओली असली की पुरे, वर पाणी तरंगायला नको. दुसरी, मोरीच्या किंवा गटाराच्या सांडपाण्यावर वेखंड वाढवू नये. ते तेथे जोमाने वाढते हे खरे, पण घाण पाण्यातील जड धातू स्वतःत ओढून घेण्याचा या झाडाचा गुण आहे. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी त्याची लागवड करतात ती याच गुणामुळे. असे वेखंड अंगालाही लावू नये.

काढणी आणि वाळवण

साधारण वर्षभराने खालची पाने पिवळी पडून सुकू लागली की पीक तयार झाले. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत, वळवाच्या आधी काढणी करावी, म्हणजे वाळवायला कोरडी हवा मिळते. गड्डे खणून स्वच्छ धुवावेत, मुळ्या छाटाव्यात, दोन-तीन इंचांचे तुकडे करावेत आणि सावलीत पसरावेत. कडक उन्हात त्यातले उडून जाणारे तेल कमी होते. वाळलेले तुकडे गोणपाटावर घासले की वरचे खवले निघतात. नंतर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. पावसाळ्यात मावळच्या हवेत बुरशी लवकर धरते. बुरशी आलेला तुकडा फेकून द्यावा, पुसून वापरू नये. थोडे ओले गड्डे पुढच्या जूनच्या लावणीसाठी राखून ठेवावेत.

कोणी विक्रीसाठी लावणार असेल तर गिऱ्हाईक आधी ठरवावे, लावणी नंतर करावी. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. लागवडीची माहिती त्याच्याकडून मिळू शकते.

दोन वेढ्यांचे माप

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्र वाचल्यावर गेल्या रविवारी मी लोणावळा लोकलने मळवलीस उतरलो. भाज्याच्या रस्त्याने चालत त्या घरी पोहोचलो. घराच्या मागे बांधाखाली वेखंडाची हिरवीगार रांग होती. आजींनी मोठ्या अभिमानाने ती दाखवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आमची पाच पोरं ह्याच गुटीवर वाढली. तेव्हा कुठं होते दवाखाने?"

मी म्हटले, "आजी, तुमचा हात मला पाहायचा आहे. सहाण आणा."

सहाण आली. आजींनी वेखंडाचे दोन वेढे दिले. मग सूनबाईंना तोच तुकडा, त्याच सहाणेवर, तेवढेच पाणी घेऊन दोन वेढे द्यायला सांगितले. आजींच्या हाताखाली दाट पांढरट गंध तयार झाले. सूनबाईंच्या वेढ्यांनी पाण्याला जेमतेम रंग आला. दोन्ही चमच्यांत घेऊन शेजारी ठेवले. आजी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात तर दुपटी-तिपटीचा फरक हाय."

माझा सांगण्याचा मुद्दा तोच होता. वेढा हे माप नव्हे. तो हाताच्या जोरावर, सहाणेच्या खडबडीतपणावर, तुकडा ओला की जुना यावर आणि किती पाणी घेतले त्यावर बदलतो. बाजारातले दोन वर्षांचे वाळके वेखंड आणि परसातले यंदाचे वेखंड यांचे बळ सारखे नसते. ताज्या मालात तेल अधिक असते. म्हणजे 'घरचे आहे, ताजे आहे' हे ज्याला आपण सुरक्षिततेचे कारण समजतो, तेच मात्रा जास्त होण्याचे कारण ठरू शकते. चार-साडेचार किलोच्या जीवाला अशा अंदाजाने औषध देणे म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणे आहे.

कफ पडला की विष उतरले?

वेखंड जास्त झाले की उलटी होते. हे काही नवे संशोधन नव्हे. आयुर्वेदानेच वचेला वांती करवणाऱ्या द्रव्यांत गणले आहे. चरकसंहितेत ती लेखनीय आणि संज्ञास्थापन या गणांत येते. म्हणजे शरीरावर आणि मज्जासंस्थेवर तिचा परिणाम होतो, हे जुन्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच ती तशीच कच्ची न वापरता शोधन करून, अन्य द्रव्यांच्या जोडीने, रोग्याचे वय व बळ पाहून देण्याची पद्धत पडली. सारस्वतारिष्टासारख्या औषधांत वचा असते, पण ते योजणे वैद्याचे काम आहे. सहाणेवरच्या गुटीत यातले काहीच होत नाही.

बाळाने उलटी केली आणि त्यात चिकट पाणी पडले की घरात समाधानाने म्हणतात, कफ पडला. प्रत्यक्षात ती पोटाने केलेली तक्रार असते. अशा उलटीत दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, शिवाय तान्हे बाळ थोड्याच वेळात सुकते. त्यानंतर बाळ गाढ झोपले तर 'आराम पडला' म्हणतात. पण दूध न ओढता झोपून राहणे हा आराम नव्हे, ती ग्लानी असू शकते. वेखंडात सुस्ती आणण्याचा गुण आहे. गुटीतल्या जायफळातही तो आहे. पत्रातील बाळाच्या गुटीत दोन्ही होती. त्यामुळे त्रास एकट्या वेखंडानेच झाला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण दोन सुस्ती आणणारे पदार्थ, मोजमाप नसलेले, एकाच चमच्यात होते एवढे खरे.

वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचा घटक असतो. आपल्या उपखंडातील काही वाणांच्या तेलात तो सर्वांत मोठा भाग असतो, तर अमेरिकेतील देशी वाणांत तो जवळजवळ नसतो. १९६७ साली जम्मूकडील वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घालून प्रयोग झाले. त्यांत उंदरांच्या आतड्यांत गाठी आढळल्या. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड आणि त्याचे तेल वा अर्क घालण्यास बंदी केली. यावरून 'आम्ही लहानपणी गुटी घेतली, आता आमचे काय' म्हणून कोणी घाबरू नये. उंदरांना दिलेली मात्रा मोठी होती आणि ती पुष्कळ दिवस दिली होती. परंतु तान्ह्या बाळासाठी अमुक इतके वेखंड निर्धोक, अशी मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. जेथे मर्यादाच माहीत नाही तेथे न देणे हाच शहाणपणा.

मग बाळाला काय द्यावे?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. गुटी नको, मध नको, साखरपाणी नको, वरचे पाणीही नको. डॉक्टरांनी दिलेले थेंब किंवा औषध तेवढे अपवाद. मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच चाटवू नये. त्यातील जंतुबीजांमुळे बाळाला लुळेपणा आणणारा गंभीर आजार क्वचित होतो, आणि मध घरच्या पोळ्याचा असला तरी हा धोका टळत नाही. सहाण, उगाळायचे पाणी आणि हात यांतून जुलाबाचे जंतू जातात, तो धोका वेगळाच.

दीड महिन्याचे बाळ रडते, याचेही कारण समजून घ्यावे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास निरोगी बाळांचे रडणे सर्वांत जास्त असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते आपोआप कमी होते. या काळात ज्या गुटीने 'गुण आला' असे वाटते, तिच्याशिवायही तो आलाच असता. बाळ रडले तर आधी अंगावर घ्यावे. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. दुपटे ओले आहे का, फार कपडे घातले आहेत का, ते पाहावे. हातात घेऊन सावकाश फिरवावे.

वेखंड जिभेला लावले की मूल लवकर व स्पष्ट बोलते, ही समजूतही सोडून द्यावी. या समजुतीपायी खरे कारण शोधण्यास उशीर होतो. सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळून पाहत नसेल किंवा दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नसेल, तर त्याचे कान तपासून घ्यावेत. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारावे. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात, तेव्हा गुटीची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये.

वेखंड वापरावे कोठे?

पोटात नको म्हणजे घरात नको, असे नाही.

धान्याच्या कणगीत किंवा डब्यात वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवावेत, किडे-पतंग दूर राहतात. खाण्याच्या धान्यात पूड मात्र मिसळू नये. बियाण्याच्या भातात मिसळली तर चालेल, पण त्या पोत्यावर ठळक खूण करावी.

कपड्यांच्या ट्रंकेत, गोधड्यांच्या घडीत पुरचुंडी ठेवावी.

मोठ्या माणसांनी उटण्यात चिमूटभर घालावे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे. खाज किंवा लाली आली तर वापरू नये.

बाळाच्या पोटाला लेप लावण्याची चाल आहे. नाळ पडून बेंबी पूर्ण सुकलेली असेल तर पातळ लेप बेंबीच्या भोवती लावण्यास हरकत नाही. त्वचा लाल झाली तर लगेच धुवावा. लेपापेक्षा आजीच्या उबदार हाताचा गुण अधिक, असे माझे मत आहे. लेप लावल्यावर हात धुवावेत आणि बाळाची बोटे पुसावीत, नाहीतर ती तोंडात जातातच. टाळूवर वेखंडाची पूड भरू नये. ती डोळ्यांत आणि नाकात जाते.

शेगडीवर वेखंड, ओवा टाकून बाळाला धुरी देणे बंद करावे. धूर कोणताही असो, कोवळ्या फुप्फुसांना तो वाईटच. शिवाय भाजण्याची भीती.

गरोदर स्त्रियांनी, तसेच फिट्सची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी वेखंड पोटात घेऊ नये. इतरांनीही वैद्यांना विचारूनच घ्यावे.

केव्हा थांबू नये?

गुटी दिल्यानंतर असो वा एरवी, तान्ह्या बाळाला वारंवार उलट्या झाल्या, ते दूध ओढेनासे झाले, हाक मारून वा तळपायाला टिचकी मारूनही नीट जागे होईना, झटके आले, अंग थंड पडले, किंवा दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालू लागला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. मीठपाणी पाजून उलटी काढू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. जाताना गुटीतले तुकडे आणि उरलेली गुटी बरोबर न्यावी व काय दिले ते न संकोचता सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवले तर नुकसान बाळाचे होते.

मळवलीच्या भगिनीने त्या दिवशी घरच्यांचे 'चांगले झाले' ऐकून न थांबता बाळाला दवाखान्यात नेले, हे योग्य केले. आणि आजींबद्दलही सांगितले पाहिजे. निघताना त्या मला सोडायला बांधापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पाच पोरं जगली म्हणून सांगते मी. दोन गेली ती सांगत नाही. कशानं गेली, कुणाला ठावं?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "गुटी ऱ्हाऊ दे. पण येखंड उपटायचं नाही हां."

उपटू नये. आजींच्या वेखंडाला परसात जागा आहे, कणगीत जागा आहे, ट्रंकेत जागा आहे. बाळाला आईचे दूध आहे आणि आजीची मांडी आहे, त्याचे तेवढ्यात उत्तम भागते. ज्या घरांत आजही सकाळी सहाण निघत असेल, तेथे सासू-सुनांनी एकत्र बसून दोन-दोन वेढे देऊन पाहावेत आणि दोन्ही चमचे शेजारी ठेवावेत. पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.